यंत्रे का बंद पडतात, हे मोजणारा जिम ग्रे

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये नोंदणीच्या खिडक्यांवरचे संगणक चालेनासे झाले. सायबर हल्ल्यात पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती. पुढचे जवळजवळ दोन आठवडे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, भरती आणि डिस्चार्ज ही सगळी कामे हाताने चालली. रुग्णालयातले ज्येष्ठ कर्मचारी जुन्या सवयीने लिहीत होते. तरुण डॉक्टरांची मात्र तारांबळ उडाली, कारण कागदी रजिस्टर त्यांनी कधी भरलेच नव्हते. अखेर ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

दुसरी प्रत होती म्हणून निभावले, असे आपण सहज म्हणतो. पण दुसरी प्रत असणे, ती पहिलीशी तंतोतंत जुळणे, ती वेगळ्या जागी असणे आणि वेळ आल्यावर तिच्यावर काम सुरू करता येणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या आहेत हे संगणकाच्या जगाला ज्यांनी आकडेवारीसह दाखवून दिले, त्यांत जिम ग्रे यांचे नाव पहिले घ्यावे लागते. बँकेतून पैसे काढताना, रेल्वेचे तिकीट काढताना किंवा वाशी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मोबाइलवरून भाडे देताना आपण त्यांच्याच कामावर विसंबून असतो. डॉक्टरांनीही या माणसाची ओळख करून घ्यावी, कारण यंत्राच्या आजारपणाकडे त्यांनी जवळजवळ वैद्याच्या नजरेने पाहिले.

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. वडील अमेरिकी लष्करात, आई शिक्षिका. वडिलांच्या बदलीमुळे सुरुवातीची वर्षे रोममध्ये गेली आणि मुलगा इंग्रजीआधी इटालियन बोलायला शिकला. पुढे आई-वडील विभक्त झाले आणि आईबरोबर ते सॅन फ्रान्सिस्कोला परतले. बर्कले विद्यापीठात १९६१ मध्ये दाखल झाले, तेव्हा शिक्षणाची गाडी काही सरळ रुळावर धावली नाही. रसायनशास्त्रात मन रमेना म्हणून काही महिने त्यांनी कॉलेज सोडले, नोकरीचा अनुभव घेतला आणि तो इतका कंटाळवाणा निघाला की अभ्यास बरा म्हणून परत आले. १९६६ मध्ये गणितातली पदवी झाली. १९६९ मध्ये पीएच.डी. मिळाली, ती बर्कलेच्या संगणकशास्त्र विभागाची पहिली पीएच.डी. होती.

त्यानंतर आयबीएम. सत्तरच्या दशकात कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टीम आर' नावाचा प्रकल्प चालू होता. माहिती तक्त्यांच्या स्वरूपात ठेवायची आणि साध्या भाषेत तिला प्रश्न विचारायचे, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली होती. ती प्रत्यक्षात उतरवताना एक अडचण आली. एकाच वेळी शेकडो माणसे तीच माहिती वाचणार आणि बदलणार, आणि मध्येच वीज गेली तर काय? हा भाग ग्रे यांच्याकडे आला.

वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ही अडचण चटकन कळेल. दोन सिस्टर ड्युटी बदलताना एकाच रुग्णाचा चार्ट पाहतात. आठचा डोस दिलेला दिसत नाही. दोघीही आपापल्या परीने बरोबर वागतात आणि रुग्णाला इन्सुलिन दोनदा मिळते. चूक एकीचीही नाही. पाहणे आणि लिहिणे या दोन क्रियांच्या मधल्या फटीत ती घडते. उपाय असा की एकीने चार्ट हातात घेतला की तिचे लिहून होईपर्यंत दुसरीने तो पाहायचाच नाही. १९७६ मध्ये ईश्वरन, लॉरी आणि ट्रेगर या सहकाऱ्यांबरोबर ग्रे यांनी या कुलपांचे गणित मांडले. कुलूप कधी लावायचे, कधी काढायचे, म्हणजे शेकडो माणसे एकत्र काम करूनही निष्पत्ती एकामागून एक काम केल्यासारखीच येईल, याचे ते नियम आहेत. आजही ते तसेच वापरात आहेत.

दुसरा भाग अर्धवट कामाचा. एका खात्यातून पाचशे रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी यंत्र बंद पडले, तर पैसे गेले कुठे? ग्रे यांनी व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, या एककाची व्याख्या पक्की केली. व्यवहार पूर्ण तरी होईल, नाहीतर झालाच नाही असे मानले जाईल. अधलेमधले काही नाही. आणि एकदा पूर्ण झाला असे सांगितले की मग यंत्र जळाले तरी तो पुसला जाणार नाही. १९८१ मध्ये त्यांनी या संकल्पनेच्या गुणांबरोबर तिच्या मर्यादाही एका निबंधात मांडल्या. मर्यादा स्वतःहून सांगणारे शोधकर्ते कमी असतात.

हे साधायचे कसे, याचे उत्तर आपल्याकडच्या जुन्या पेढीवर कोणीही दिले असते. तिथे दोन वह्या असत. रोजकीर्दीत घडेल तसे, घडेल त्या क्रमाने लिहायचे आणि मग सवडीने खतावणीत खातेवार उतरवायचे. खतावणी भिजली तर मागची शिल्लक आणि रोजकीर्द घेऊन ती पुन्हा उभी करता येते. संगणकातल्या या रोजकीर्दीला लॉग म्हणतात. नियम एकच, पण कडक: आधी लॉगमध्ये नोंद, ती चकतीवर सुरक्षित पोहोचली याची खात्री, मगच मूळ माहितीत बदल. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू झाले की लॉग वाचते, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा लावून घेते आणि अर्धवट राहिलेले उलटे फिरवते.

व्यवहार दोन वेगळ्या यंत्रांवर पसरलेला असेल तेव्हा कोडे वाढते. त्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत आहे आणि ग्रे ती समजावताना चर्चमधल्या लग्नाचा दाखला देत. पाद्री आधी दोघांना विचारतो, दोघांचा होकार आला की मगच लग्न झाल्याचे जाहीर करतो. एकाने नकार दिला तर लग्न नाही. (आपल्याकडे अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्यांना कोणी विचारत नाही, तो टप्पा बैठकीत उरकलेला असतो.) वैद्यकातला दाखला याहून नेमका आहे. स्वॅप पद्धतीच्या किडनी प्रत्यारोपणात दोन जोडपी असतात. पहिल्या घरातली किडनी दुसऱ्या घरातल्या रुग्णाला जुळते आणि दुसऱ्या घरातली पहिल्याला. चारही शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी सुरू करतात. आधी एक झाली आणि मग दुसऱ्या दात्याने माघार घेतली, तर पहिल्या दात्याची किडनी परत लावता येत नाही. म्हणून चारही टेबलांवरून तयार असल्याचा निरोप येईपर्यंत पहिला छेद नाही.

१९८० मध्ये ग्रे यांनी आयबीएम सोडली आणि 'टँडम' या लहान कंपनीत गेले. टँडमचा धंदाच न थांबणाऱ्या संगणकांचा होता. तिच्या यंत्रात प्रत्येक भाग किमान दोन: दोन प्रोसेसर, दोन चकत्या, दोन वीजपुरवठे. चालू कामाचीही जोडी असे. एक काम करी, दुसरे त्याच्याकडून वेळोवेळी निरोप घेत शेजारी तयार राही आणि पहिले कोसळले की तिथून पुढे चालवी. आपल्या मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये आरडाओरड्याचा व्यवहार बंद करून 'बोल्ट' ही पडद्यावरची व्यवस्था आणली, तीही टँडमच्याच यंत्रांवर चाले.

टँडममध्ये असतानाच, १९८५ मध्ये, ग्रे यांनी तो अहवाल लिहिला, ज्यासाठी त्यांना डॉक्टरांनी आपल्यात घ्यायला हवे. संगणक का बंद पडतात, हा त्याचा विषय. आपल्या मृत्यूंची कारणे जशी सर्टिफिकेटवरून गोळा करतात, तसे त्यांनी सात महिन्यांच्या काळात दोन हजारांहून अधिक यंत्रणांच्या बंद पडण्याचे अहवाल गोळा केले आणि प्रत्येकाचे कारण लावले. नव्याने बसवलेल्या यंत्रणांच्या सुरुवातीच्या दुखण्यांना त्यांनी अर्भकमृत्यू हेच नाव दिले. एकूण घटनांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यातच मोडत होत्या. त्या बाजूला काढून उरलेल्यांची वर्गवारी केली. यंत्राच्या भागांतला बिघाड १८ टक्के. वीज, दूरसंचार, आग-पाणी असे बाहेरचे कारण १४ टक्के. सॉफ्टवेअर २५ टक्के. आणि यंत्र चालवणारी, सांभाळणारी, दुरुस्त करणारी माणसे ४२ टक्के.

या आकड्याचा अर्थ माणसे निष्काळजी होती असा नाही. प्रत्येक भाग दुहेरी केल्यामुळे यंत्राचे बिघाड आतल्या आत जिरत होते, म्हणून जे जिरत नव्हते ते वर आले. दोनपैकी एक चकती बिघडली की यंत्र चालूच राहते. मग दुरुस्तीला आलेला माणूस बिघडलेलीऐवजी चांगलीच चकती ओढून काढतो. शस्त्रक्रियेच्या जगात चुकीच्या बाजूची किडनी निघण्याच्या घटना घडल्या आहेत, त्यांची जातकुळी हीच. ग्रे यांचा उपाय माणसाला रागे भरण्याचा नव्हता. माणसाला यंत्राला हात लावण्याची गरजच कमी पडेल असे यंत्र बनवा, असे ते सांगत. यंत्राच्या सुट्या भागांची दुरुस्ती लगेच करा, पण सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती त्या दोषाने खरोखर काम बंद पडत असेल तरच घाला, नाहीतर पुढच्या पूर्ण आवृत्तीची वाट पाहा, असा त्यांचा सल्ला होता. सायबर हल्ल्यांच्या आजच्या काळात त्याचा दुसरा भाग जसाच्या तसा पाळता येणार नाही. पण चालत्या गाड्याला उगाच खीळ घालू नये, हे तत्त्व आयसीयूत काम करणाऱ्याला पटायला हरकत नाही.

त्याच अहवालात सॉफ्टवेअरच्या दोषांचे दोन प्रकार आहेत. एक, पुन्हा तेच केले की पुन्हा तीच चूक दाखवणारा. तो चाचणीत सापडतो आणि बहुतेक वेळा आधीच काढला जातो. दुसरा, पाहायला गेले की गायब होणारा. त्याला 'हायझेनबग' म्हणतात; नाव ब्रूस लिंडसे या सहकाऱ्याचे, हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून. घरी धडधड होते, दवाखान्यात आले की ईसीजी अगदी सरळ. डॉक्टरांना हा रुग्ण नवा नाही. एका सॉफ्टवेअरच्या १३२ दोषांच्या नोंदी तपासल्या, तर त्यांतला फक्त एक पहिल्या प्रकारचा निघाला. बाकी सारे पुन्हा प्रयत्न केल्यावर आपोआप नाहीसे होणारे. म्हणूनच बंद करून पुन्हा चालू करा हा सल्ला बहुतेक वेळा लागू पडतो. आणि म्हणूनच अर्धवट व्यवहार उलटा फिरवून जोडीच्या दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालवला, तर तो सहसा पूर्ण होतो. व्यवहाराची कल्पना आणि दुहेरी यंत्राची कल्पना इथे एकमेकींना पूरक ठरल्या.

उरले ते १४ टक्के. इमारतीलाच पाणी लागले तर शेजारच्या खोलीतली जोडी काय कामाची? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई-ठाणे परिसरात कितीतरी तळमजले आणि तळघरे पाण्याखाली गेली. ग्रे यांचे उत्तर होते जोडीच दूरच्या गावी ठेवण्याचे. मूळ केंद्राचा लॉग, म्हणजे रोजकीर्द, घडेल तशी तारेवरून दूरच्या केंद्राकडे पाठवत राहायची आणि तिथल्या यंत्राने ती लगोलग आपल्या खतावणीत उतरवत राहायची. दूरच्या केंद्राचा आणखी एक फायदा त्यांनी हेरला होता. तिथली माणसे वेगळी असतात, त्यामुळे इकडच्या माणसाची चूक तिकडे त्याच क्षणी होण्याची शक्यता कमी.

इथे निवड करावी लागते, आणि अँड्रियास रॉयटर यांच्याबरोबर १९९२ मध्ये लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात ग्रे यांनी तिची बारकाईने चर्चा केली आहे. इथे नोंद झाली की ग्राहकाला व्यवहार झाला असे सांगायचे आणि दूरच्या केंद्राला मागाहून कळवायचे, हा एक मार्ग. तो वेगवान, पण मधल्या क्षणात इकडचे केंद्र बुडाले तर शेवटचे काही व्यवहार हरवतात. दुसरा मार्ग दूरच्या केंद्राची पोच येईपर्यंत ग्राहकाला थांबवण्याचा. हरवत काही नाही. वेळ मात्र जातो. मुंबई ते चेन्नई हवाई अंतर सुमारे हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान १० मिलिसेकंद. माणसाला ते जाणवणारही नाही, पण शेअर बाजाराच्या यंत्राला तो फार मोठा काळ आहे. म्हणून मोठ्या संस्था आता दोन प्रती ठेवतात: एक जवळच, पोच घेऊनच पुढे जाणारी, आणि एक दुसऱ्या भूकंपप्रवण पट्ट्यात, थोडी मागून चालणारी.

नवी मुंबईत हे सगळे डोळ्यांसमोर आहे, फक्त दिसत नाही. सीबीडी बेलापूरला स्टेट बँकेचे जागतिक माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे, खारघरला रिझर्व्ह बँकेचे डेटा सेंटर. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसीच्या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या, डिझेल जनरेटरांच्या रांगा असलेल्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत रिझर्व्ह बँकेने मोठ्या रकमांची आरटीजीएस सेवा बंद ठेवली होती. कारण जाहीर सांगितले होते: आपत्तीनंतर यंत्रणा पुन्हा उभी राहायला लागणारा वेळ कमी करण्यासाठी सुधारणा.

त्याच्या दोनच महिने आधी, २४ फेब्रुवारी २०२१ ला, राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र नव्हते असे नाही. पण पूर्ण मेलेल्या यंत्रापेक्षा अर्धवट आजारी यंत्र जास्त त्रास देते. ते बंद पडले असे म्हणायचे कधी, हाच निर्णय अवघड असतो. रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ झाली का, यावर वॉर्डात होणारी घालमेल आठवावी. पर्यायी केंद्र नुसते असून चालत नाही, तिकडे जाण्याची तालीम वरचेवर व्हावी लागते, हे ग्रे यांच्या पिढीने सांगून ठेवले होते.

आणखी एक सापळा आहे. लगोलग जुळवून घेणारी प्रत चुकाही लगोलग जुळवून घेते. कोणी चुकून हजार रुग्णांच्या नोंदी पुसल्या, तर त्या हजार किलोमीटरवरच्या केंद्रातही पुसल्या जातात. म्हणून काल, परवा आणि महिन्यापूर्वीची गोठवलेली प्रत वेगळी ठेवावी लागते आणि ती चालू जाळ्यापासून तोडलेली असावी लागते.

पुढची वर्षे भराभर सांगता येतील. १९९० मध्ये ग्रे डिजिटल इक्विपमेंटमध्ये गेले, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये. सॅन फ्रान्सिस्को सोडायचे नाही म्हटल्यावर कंपनीने तिथेच लहानशी प्रयोगशाळा काढून दिली. १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही. मग ते खगोलशास्त्रज्ञांच्या मदतीला गेले आणि ॲलेक्स सॅले यांच्याबरोबर आकाशाच्या नकाशाची माहिती कोणालाही खुली करून दिली. एवढी माहिती तारेवरून पाठवायला दिवसचे दिवस लागतात असे दिसल्यावर त्यांनी सरळ चकत्या भरलेले संगणक कुरियरने पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे एस.टी.ने पार्सल पाठवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. डॉक्टर ज्या 'पबमेड सेंट्रल'वर मोफत निबंध वाचतात, त्याची इतर देशांत बसवता येईल अशी आवृत्ती तयार करण्याच्या कामातही त्यांचा हात होता. वैद्यकीय ज्ञानाचा साठा एकाच देशात, एकाच इमारतीत असू नये, हा विचार त्यामागे होता.

२८ जानेवारी २००७, रविवार. आईच्या अस्थी समुद्रात सोडण्यासाठी ग्रे आपली ४० फुटी शिडाची बोट 'टेनेशियस' घेऊन एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरेलॉन बेटांकडे निघाले. हवा चांगली होती, आणि ते मुरलेले दर्यावर्दी होते. संध्याकाळपर्यंत ते परतले नाहीत. धोक्याचा कोणताही संदेश आला नाही. तटरक्षक दलाने चार दिवस विमाने आणि बोटींनी समुद्र धुंडाळला. मग मित्रांनी शोध हाती घेतला. उपग्रहांनी त्या भागाची ताजी छायाचित्रे काढली, त्यांचे हजारो लहान तुकडे केले गेले आणि इंटरनेटवरून जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी एकेक तुकडा डोळ्यांखालून घातला. पुढे समुद्राच्या तळाचाही शोध घेण्यात आला. फळकुट नाही, शिडाचा तुकडा नाही, तेलाचा तवंग नाही.

मृतदेह नसेल तर डॉक्टरला मृत्यूचे प्रमाणपत्र देता येत नाही. ते काम न्यायालयाकडे जाते. आपल्याकडच्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसाला मृत मानतात, कॅलिफोर्नियात पाच वर्षे. मे २००८ मध्ये बर्कले विद्यापीठात सहकारी, विद्यार्थी आणि घरचे त्यांच्या स्मरणासाठी जमले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ग्रे अजून बेपत्ताच होते. ते मृत असल्याची नोंद २०१२ मध्ये झाली.